सज्ज्यातला दिवा

६ मार्च

आप्पा,

दगड दुभंगून राणी खाली गेली, तेव्हा तिच्या हातातला दिवा विझला होता का?

मला माहीत नाही. आज सकाळी सहलीला आलेल्या एका मुलीने मला हे विचारलं. पुढचा दात पडलेला, गळ्यात पाण्याची बाटली. तिच्या मोठ्या बहिणीने मागच्या वर्षी तुमच्याकडून गोष्ट ऐकली होती आणि घरी जाऊन हिला सांगितली होती. मी म्हणाले, "बाळ, राणी नव्हतीच." ती म्हणाली, "मग दिवा कुणाच्या हातात होता?" मी म्हणाले, "दिवाही नव्हता." तर ती रडायला लागली. त्यांच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला चिमटा काढलाय. म्हणाल्या, "अहो, नेहमीचे गाईडकाका कुठे आहेत?"

नेहमीचे गाईडकाका रुसून थोरल्या मुलीकडे जाऊन बसले आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. "बाहेरगावी गेलेत," म्हणाले. हेही खोटं नाही.

तुम्ही फोनवर येत नाही. ताई म्हणते, "आप्पा आंघोळीला गेलेत." आप्पा, इतक्या आंघोळी तुम्ही जन्मात केल्या नसतील. शेवटी काल तिने खरं काय ते सांगितलं. तुम्ही म्हणालात म्हणे, "फोनवर ती मध्येच दुरुस्त करते. लिहून पाठव म्हणावं. पत्रातून मध्ये बोलता येत नाही." म्हणून हे पत्र. ताई, तूच हे त्यांना वाचून दाखवणार. माझा आवाज काढून वाचू नकोस, आणि तुला नको वाटतील ती वाक्यं गाळू नकोस.

ताईला अर्धवटच माहीत असणार, म्हणून झालं ते नीट लिहिते. मी फायली घेऊन कार्यालयाकडे चालले होते. तुम्ही राणीच्या सज्ज्याखाली उभे होता, छत्री वर रोखलेली, समोर बसभर माणसं. गोष्ट शेवटाला आली होती: वेढा पडलाय, किल्लेदार पडलाय, राणी दिवा घेऊन सज्ज्यात उभी आहे, आणि तिचं दुःख न सोसून तिच्या पायाखालचा दगडच दुभंगतो. ते भोक आजही आहे, बघा, बघा. तुमचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तुम्ही गोष्ट थांबवलीत. "ही माझी धाकटी. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि तीसुद्धा इतिहासाची. इथल्याच कार्यालयात आहे. विचारा तिला! सांग ग, मी सांगतो ते खरं की नाही?"

तुम्ही विचारलंत, आप्पा. विचारलं नसतं तर मी मान खाली घालून निघून गेले असते, तशी रोज जातच होते. पण चारचौघांसमोर माझी पदवी काढून तुम्ही मला खरं-खोटं विचारलंत. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "आप्पा, तो सज्जा नाही. ते शौचकूप आहे."

मागून एक जाडा गृहस्थ म्हणाला, "म्हणजे संडास?" आणि सगळे हसले. ज्या जोडप्याने नुकताच त्याच्याखाली गळ्यात गळा घालून फोटो काढला होता, ते सगळ्यांत जास्त.

हसले ते. मी नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याच आठवड्यात भिंतीवर मी लिहिलेली माहितीची पाटी लागली. ती तर आधीच मंजूर झाली होती, तुमच्यावर डाव साधायला लावली नव्हती. तुम्ही ती बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलीत, घरी आलात, पिशवी भरलीत आणि आईला म्हणालात, "तिला म्हणावं, आता तूच सांग लोकांना."

सांगते आहे. ऐकत कुणी नाही, एवढंच.

तुमची धाकटी


१४ मार्च

आप्पा,

ताईचं पत्र मिळालं. ताई, वाक्यं गाळू नकोस असं मी म्हटलं होतं. भावजींच्या दुकानात भर गर्दीत वाच असं नव्हतं म्हटलं. भावजी, तुम्ही शिंपी आहात, लोक तुमच्याकडे मापं द्यायला येतात. आमच्या घरातली भांडणं त्यांना कशाला? "म्हणजे संडास?" या वाक्याला तुम्ही मशीन थांबवून ते परत वाचायला लावलंत म्हणे. छान.

आणि आप्पा, तुमचा निरोप: "पाटी काढ, मग येतो. पाटी आहे तोवर त्या भिंतीखाली उभा राहणार नाही." एवढंच. एवढं लांबलचक पत्र मी लिहिलं, आणि उत्तर असं की जणू दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगताय.

पाटी मी काढणार नाही. त्यात एकही शब्द खोटा नाही. लहानपणी खोटं बोलले तेव्हा माझा कान पिरगाळणारे तुम्हीच होता.

कोट शिवायला टाकलेल्या त्या मास्तरांनी विचारलं म्हणे, "लढाई झाली नाही, तर मग किल्ला पडला कसा?" निदान एकाने तरी नीट प्रश्न विचारला. ताई, पुढचं त्यांच्यासाठी. आप्पांना ऐकायचं नसेल तर त्यांनी तोवर आंघोळीला जावं.

मास्तर, हा किल्ला लढायला बांधलेलाच नाही. जकात घ्यायला बांधला. खाली नदी गाडी उतरण्याइतकी उथळ होते, आणि त्या काळी इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथूनच नदी ओलांडावी लागायची. कुणा सरदाराने ते हेरलं, वर टेकाडावर बुरूज उभा केला, खाली वाटेत अडसर टाकला आणि मिठाच्या, लोकरीच्या, धान्याच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. तो स्वतः इथे क्वचितच राहिला. राहायचा तो किल्लेदार, त्याचं कुटुंब, थोडे शिपाई, एक स्वयंपाकी आणि पुष्कळ कुत्री. कुत्री मी मनची घातलेली नाहीत, हाडं सापडली आहेत.

एकदा सैन्य आलं होतं. खरोखरचं. आप्पांच्या गोष्टीतला वेढा बहुतेक तिथूनच आला असावा. त्या सैन्याने खालून किल्ल्याकडे पाहिलं, थोडं पुढे जाऊन, जिथे गाडी उतरत नाही पण माणूस उतरतो, तिथून नदी ओलांडली, आणि ते आपल्या वाटेने निघून गेलं.

पुढे नदीवर भलतीकडेच पूल झाला आणि जकात बुडाली. मग विहीर आटली. किल्लेदाराने सामान आवरलं. छपराची लाकडं कुणीतरी नेली, मग दारं नेली, मग दगड. ते नेणारे शत्रू नव्हते, आपणच होतो. आमच्या गल्लीतल्या घरांचे कोपरे बघा. आमच्याच मोरीतला कपडे धुवायचा दगड बघा, त्याच्या एका कडेला कोरलेली गोल पट्टी आहे. मी तिच्यावर लहानपणापासून मोजे घासत आले आहे. किल्ला पडला नाही, मास्तर. तो थोडा थोडा करून घरी नेला.

झालं, हाच इतिहास. कुणी मेलं नाही, कुणी दिवा घेऊन उभं राहिलं नाही. तो कंटाळवाणा आहे हा माझा दोष आहे का?

आप्पा, मी तुम्हाला किती दिवस सांगत होते, गोष्टीच्या सुरुवातीला फक्त "असं म्हणतात" एवढं जोडा. एवढ्याने माझं समाधान झालं असतं. तुम्ही काय म्हणालात? "असं म्हणतात म्हटलं की माणसं पाणी प्यायला उठतात." आता मी तुमच्या जागी फेरी घेते आहे. माझ्याकडे माणसं "असं म्हणतात" न म्हणताच उठतात. काल एक बाई मी जकातीचे दर सांगत असताना माझ्या तोंडासमोर फोनवर मुलाला विचारत होती, जेवलास का.

आईचं म्हणाल तर ती माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. आज पातेल्याला सांगत होती, "लोकांची मुलं शिकतात आणि आईबापांना आपल्याकडे घेऊन जातात. आमच्या मुलीने शिकून बापाला घराबाहेर काढलं." मी म्हणाले, "आई, मी इथेच उभी आहे." ती पातेल्याला म्हणाली, "हिला पण मध्येच बोलायची सवय."

भिंतीवर माझ्या पदवीची चौकट तुम्ही लावली होतीत. ती तिरकी झाली आहे. मी सरळ करते, दार आपटलं की पुन्हा तिरकी होते. दार कोण आपटतं ते विचारू नका.

धाकटी


२३ मार्च

आप्पा,

"शत्रूनेही विचारलं नाही?"

अख्ख्या इतिहासातून तुम्हाला एवढंच लागलं. ताई लिहिते, तुम्ही दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून होता, आणि संध्याकाळी जेवता जेवता मध्येच म्हणालात, "जाता जाता निदान एक दगड तरी मारायचा." मला हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला. दुकानात दोन तट पडले आहेत असंही कळलं. मास्तर माझ्या बाजूने आणि बाकी सगळे राणीच्या. मास्तरांना धन्यवाद सांगा. त्यांच्या कोटाची बाही मात्र भावजींनी मुद्दाम आखूड ठेवू नये.

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. आज साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या कार्यालयाचे प्रमुख, ज्यांचं नाव तुम्ही "इस्त्री" ठेवलं आहे. इस्त्री म्हणाले, "मॅडम, तुमच्या पाटीबद्दल वर तक्रार गेली आहे. एक गृहस्थ नव्या बायकोला घेऊन आले होते. त्यांचा मूड गेला."

मी म्हणाले, "सर, मजकुराला मंजुरी तुम्हीच दिली होती."

"मी वाचला कुठे होता?"

मग त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. त्यावर आपला सज्जा, आणि सज्ज्यात एक बाई. सिमेंटची. रंगीत. हातात विजेचा दिवा. खाली भिंतीत एक बटण. बटण दाबलं की दिवा पेटणार आणि आत बसवलेल्या पेटीतून गोष्ट ऐकू येणार. आवाज कुणा नाटकातल्या नटाचा. "गाईड लोकांची कटकट नको," इस्त्री म्हणाले. "कोण कधी येणार, कोण कधी रुसणार. पेटी रुसत नाही."

मी विचारलं, "गोष्ट कुठली?"

"तुमच्या वडिलांचीच की! त्यांना आनंदच होईल."

"त्यांना विचारलंत का?"

"मॅडम, गोष्टीला मालक कुठे असतो?"

मी खूप बोलले, आप्पा. म्हणाले, ते शौचकूप आहे, खालच्या खड्ड्यात फळांच्या बिया आणि माशांचे काटे सापडले आहेत, हा अहवाल तुमच्याच कपाटात आहे. ते म्हणाले, "असू दे ना कपाटात. लोक काय कपाट बघायला येतात?" मग चहा मागवला. माझ्यासाठी नाही.

तर बघा. पाटी काढायची तुमची अट साहेबच पुरी करणार आहेत. पाटी जाणार, राणी येणार. तुम्ही जिंकलात. फक्त त्या भिंतीखाली छत्री घेऊन उभं राहायला तुमची जागा उरणार नाही, तिथे बटण असेल. गोष्ट राहील आणि तुम्ही तिचे कुणी नसाल. सगळी माझी सत्याची हौस, असं आई पातेल्याला सांगेल.

मूर्तिवाला पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला येतो आहे. मी काय करू? सांगा. मध्ये बोलणार नाही. लिहूनच सांगा.

धाकटी


३१ मार्च

आप्पा,

पाकिटावर ताईचं अक्षर होतं आणि आत तुमचं. ओळी सगळ्या चढावर निघालेल्या. मी कार्यालयाच्या जिन्यातच उभं राहून वाचलं.

"सिमेंटची नको. तोंड कुणाचं देणार? मी तिचं तोंड आजवर कधी सांगितलं नाही. ज्याचं त्याने बघावं. बाई बसवू देऊ नको. पाटी काढ."

दोन हुकूम एका दमात! मी तिथे मदतनीस आहे, आप्पा, सरदार नाही. इस्त्रीसमोर माझं काय चालतं? आणि पाटी काढ, पाटी काढ. शेवटच्या ओळीतसुद्धा सोडलं नाहीत.

पण मी आठवून पाहिलं. खरंच, तुम्ही तिचे केस सांगता, तिच्या मनगटावर पडलेला उजेड सांगता, तोंड कधीच सांगत नाही. मला ती नेहमी आईसारखी दिसायची, तरुण आणि जरा बारीक. हे आईला सांगू नका.

मूर्तिवाला परवा आला. बागांमधले हत्ती आणि मोर त्यानेच केले आहेत म्हणे. मला विचारतो, "मॅडम, राणी उभी हवी की बसलेली?" मी म्हणाले, "जागा तर बसायचीच आहे." त्याने वहीत 'बसलेली' असं लिहून घेतलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

सज्ज्याकडे जायची भिंतीतली वाट तुम्हाला माहीत आहे, मध्ये काटकोनात वळते. मूर्तिवाल्याने फितीचं एक टोक मला दिलं आणि म्हणाला, वळणावर धरून उभ्या राहा. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. मी भिंत चाचपडत होते, तर छातीच्या उंचीवर हात आत गेला. पारव्यांनी वर्षानुवर्षं काड्या कोंबून ती जागा बुजवली होती. मी काड्या ओढून काढल्या, नाकातोंडात धूळ, मूर्तिवाला ओरडतोय, "मॅडम, फीत हलली!" मी टॉर्च लावला.

दिवळी होती, आप्पा. छोटी, वरून कमानदार, दिवा ठेवायला करतात तशी. मागाहून कोरलेली नव्हे. भिंतीच्या दगडांबरोबरच बांधलेली. कमानीच्या पोटाला बोट लावलं तर काळं झालं.

ती वाट वळवलेली का असते, तर दुर्गंधी आत येऊ नये म्हणून. हे मी स्वतः पाटीवर लिहिलं आहे. पण वास वळणावर अडतो तसा उजेडही अडणार, तिथे भर दुपारीही दिवा लागणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्या मुलीला काय सांगितलं होतं? दिवाही नव्हता. ठासून सांगितलं होतं.

दिवा होता. काजळी किल्लेदाराच्या काळची की नंतर तिथे शेळ्या घेऊन बसणाऱ्या कुणाची, ते मी सांगू शकत नाही. पण दिवळी पहिल्या दिवसापासूनची आहे.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. म्हणाले, दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत उभी राहा आणि किल्ल्याकडे बघ. आई म्हणाली, "मला कामं नाहीत का?" मी म्हणाले, "आई, एवढं कर." मी टॉर्चला पिवळा कागद गुंडाळला, वळणापासून सज्ज्यापर्यंत हळूहळू चालत गेले आणि तिथे थांबले. भोकावर जाळी आहे, काळजी करू नका.

"दिसतंय का?"

"काय दिसायचंय... थांब. दिसतोय ग. उजेड आहे. जरा हलव." मग म्हणाली, "बाई ग. कुणीतरी उभं आहे."

"आई, मीच आहे."

"मला माहितेय तू आहेस. अंगावर काटा यायचा तो आलाच." आणि मग, "ह्यांना कळव."

म्हणून कळवते. तुमची गोष्ट तुम्हाला तुमच्या आईने सांगितली, तिला तिच्या आईने. मी आजवर समजत होते की कुणीतरी ती रिकामटेकडेपणी रचली. तशी नसेलही. खालच्या गल्लीतून रोज संध्याकाळी वर एक दिवा दिसायचा. भिंतीतून यायचा, थोडा वेळ थांबायचा, परत जायचा. तो घेऊन कोण येत होतं आणि कशासाठी, ते आपल्याला आता माहीत आहे, आणि भावजींनी इथे मशीन थांबवायची गरज नाही. राणी नसेल. बाईच असेल असंही नाही. पण दिवा होता, आणि खालून कुणीतरी बघत होतं, आणि बघणाऱ्याला तोंड दिसत नव्हतं.

मला तुमच्यावर अजून राग आहे. तो वेगळा.

धाकटी


८ एप्रिल

आप्पा,

ताईचा फोन आला. तुम्ही दुकानात दिव्याची गोष्ट सांगितलीत, मास्तर उठून उभे राहिले, आणि भावजी कुणाच्या तरी पँटला खिसा शिवायचा विसरले. तुम्ही येणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणतात, पाटीचं काय झालं?"

सांगते. आधी बाईचं.

मी मुख्य कार्यालयाला कळवलं, फोटो लावून, की सज्ज्याच्या वाटेत मूळ बांधकामातली दिवळी सापडली आहे आणि पेटीची तार तिच्यातूनच नेण्याचा बेत आहे. त्यांचं उत्तर ताबडतोब आलं, हेच मोठं आश्चर्य. मूळ बांधकामाला खिळासुद्धा ठोकायचा नाही, ठोकायचा असेल तर समितीची परवानगी. समिती कधी बसते ते कुणालाच माहीत नाही. इस्त्री कागद वाचून म्हणाले, "मॅडम, हे मला आधी सांगायचं होतं." मी म्हणाले, "सर, अहवाल तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही वाचला नसेल." त्यांची इस्त्री तेवढ्यापुरती मोडली. मूर्तिवाल्याने बागेतली दुसरी ऑर्डर घेतली. आपली राणी आता तिथल्या कारंज्यावर बसणार आहे. बसलेलीच.

मला मात्र उद्यापासून तिकीट खिडकीवर पाठवलं आहे. फेऱ्या घ्यायच्या नाहीत, पाट्यांना हात लावायचा नाही. आई चिडली. माझ्यावर नाही, इस्त्रीवर. पातेल्याला नाही, मला सांगितलं. तेव्हा तेवढा फायदा झाला.

पाट्यांना हात लावायचा नाही हे उद्यापासून. म्हणून आज सकाळी, फाटक उघडायच्या आत, मी सायकल दुरुस्तीवाल्याकडून पाना मागून आणला. तो म्हणाला, "काय ग, किल्ला खोलतेस की काय?" बोल्ट गंजले होते, बोटं सोलपटली, पण पाटी काढली.

तुम्ही म्हणत होता काढ. काढली.

आणि आत नेऊन लावली. वळणावर, दिवळीच्या समोर. तिथल्या फरशीवर लोखंडी स्टँड ठेवला आणि पाटी त्यावर बोल्टने पक्की केली, भिंतीला ओरखडा नाही. मजकुरातला एकही शब्द बदललेला नाही. फक्त खाली रंगाने एक ओळ वाढवली: "इथे दिवा ठेवत असत. तो खालच्या गावातून दिसत असे." आत लावू नकोस, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. पटत नसेल तर आपलंच पत्र काढून बघा.

बाहेरची भिंत मोकळी आहे. तिथे कुणी छत्री रोखून काय सांगावं, हे तिकीट खिडकीतून मला ऐकू येत नाही. "असं म्हणतात" जोडलंत तर बरं. नाही जोडलंत तर मध्ये बोलायला मी तिथे नसेन. ज्याला माझं वाचायचं असेल त्याने आत जावं. आत अंधार आहे, म्हणून दिवळीत बॅटरीचा कंदील ठेवला आहे. तो उचलून पाटीजवळ धरल्याशिवाय अक्षर दिसत नाही, आणि तो उचलला की सज्ज्यात उजेड पडतो. ते माझ्या लक्षात नंतर आलं.

म्हणजे आज संध्याकाळी आलं. आई वर आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "बघू तरी काय लिहिलंयस, ज्याच्यासाठी घर मोडलंस." ती आत गेली. मी खाली राहिले, तुमच्या जागेवर. बराच वेळ काही नाही. मग भिंतीच्या आत उजेड हलला, सज्ज्यापर्यंत आला आणि थांबला. आई सावकाश वाचते. वाचून झाल्यावर ती सज्ज्यात आली, कंदील मनगटाशी धरलेला. तोंड दिसत नव्हतं.

त्या शाळेतल्या बाई उरलेला वर्ग घेऊन शनिवारी येत आहेत. दात पडलेली मुलगीही पुन्हा येणार आहे, हट्टाने. दिवा विझला होता का, हे तिला कोण सांगणार ते तुम्ही ठरवा. मी तिला एवढंच सांगेन की दिवा होता, माझं चुकलं.

पाटीबद्दल मात्र यापुढे पत्र नको, निरोपही नको. ती आता आहे तिथेच राहील. पाना मी सायकलवाल्याला परत देऊन टाकला आहे.

धाकटी